डायल उघडायच्या आधी तो तपासायला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
स. न. वि. वि.

सेकंडहँड डीएसएलआरचा शटरस्पीड बदलायचा डायल बिघडला की ‘पार्ट मिळत नाही’ किंवा ‘सगळं कव्हरच बदलावं लागेल’ असं ऐकून बरेच जण कॅमेरा कपाटात टाकतात. तुम्ही मात्र स्क्रूला हात लावण्याआधी डायल तपासायला शिकवलंत. त्याबद्दल आम्हा सगळ्यांकडून मनापासून आभार.

तुमची तपासणी साधी आहे. मोड ‘एम’वर (मॅन्युअल) ठेवायचा आणि डायल एकाच दिशेने सावकाश, एकेक खटका फिरवायचा. शटर १/१२५, १/१६०, १/२०० असं चढत गेलं तर डायल ठीक. मध्येच १/१६० वरून उलटं १/१२५ वर आलं, तर बहुधा आतला एन्कोडर, म्हणजे डायल कुठे फिरला हे कॅमेऱ्याला कळवणारा भाग, मळलेला असतो. त्यात दोन संपर्क किंचित मागेपुढे जुळतात आणि आधी कोणता जुळला यावरून कॅमेरा दिशा ओळखतो. एकावर मळ किंवा ऑक्साइड बसलं की हा क्रम चुकतो आणि उजवीकडे फिरवलेलं डावीकडे मोजलं जातं. मुंबई-कोकणच्या दमट हवेत बंद बॅगेत पडून राहिलेल्या कॅमेऱ्यांना हा त्रास जास्त. खटकाच लागत नसेल, तर दोष स्प्रिंगचा, ते काम वेगळं.

न उघडता करायचा उपायही तुम्ही नेमका सांगितलात. बॅटरी काढायची, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एकच थेंब सुईने डायलच्या कडेला सोडायचा, डायल दोन्ही दिशांना चाळीस-पन्नास वेळा फिरवायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा. थेट स्प्रे मारायचा नाही, कारण तो कुठवर झिरपेल सांगता येत नाही. डब्ल्यूडी-४० तर नकोच, त्याचा तेलकट थर धूळ धरून ठेवतो. सुटलेला मळ आतच राहत असल्याने दोष काही आठवड्यांत परतू शकतो. तसं झालं तरच उघडायचं.

उघडतानाची तुमची शिस्त आम्हाला सगळ्यात मोलाची वाटते. जपानी कॅमेऱ्यांना जेआयएस (जपानी मानकाचा) स्क्रू-ड्रायव्हरच हवा, फिलिप्सने डोकी झिजतात. स्क्रू लांबीला वेगवेगळे, म्हणून कागदावर कॅमेऱ्याचं चित्र काढून ज्याच्या त्याच्या जागी चिकटवायचे. लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर आतल्या भागावर दाबतो. पॉप-अप फ्लॅश असेल तर बॅटरी काढल्यावरही फ्लॅशसाठी वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास चार्ज उरलेला असू शकतो. तो स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट न करता एक-दोन किलोओहमच्या, पाच वॅटच्या रेझिस्टरने उतरवायचा आणि मल्टिमीटरने खात्री करायची. फ्लेक्स पट्टी (आतले भाग जोडणारी पातळ, लवचिक केबल) ओढण्याआधी कनेक्टरचं लॉक उघडायचं.

एन्कोडरच्या पट्ट्या अल्कोहोलने भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या काडीने पुसायच्या. खोडरबर किंवा पॉलिश पेपर अजिबात नाही, वरचा सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. पट्ट्यांवरून सरकणाऱ्या ब्रशची, म्हणजे धातूच्या संपर्काची, पाती जास्त वाकवली तर ती पट्टीवर चर पाडतात, हेही तुम्हीच दाखवलंत. सीलबंद, सोल्डर केलेला एन्कोडर असेल तिथे पुसापुशीत वेळ न घालवता तो बदलायचा, हे तुम्ही ग्राहकाला स्पष्ट सांगता. ते आम्हाला फार आवडतं.

तुमचं ज्ञान तुम्ही हातचं राखून ठेवलं नाहीत, म्हणून हे जाहीर पत्र. मोड डायलच्या गोल पट्ट्यांबद्दलही असंच समजावून द्याल, ही आग्रहाची विनंती.

लोभ असावा.
आपले,
जुने कॅमेरे वापरणारे आम्ही सगळे