टक्का छापताना तो कोणातला, हेही छापावे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या पंधरवड्यात आपल्या दैनिकात दोन बातम्या वाचल्या. प्राथमिक शाळांतील नोंदणी पूर्वी १०३ टक्क्यांच्या वर होती, ती आता शंभराच्या खाली घसरली, म्हणजे मुले शाळा सोडू लागली आहेत, असे पहिल्या बातमीत म्हटले होते. दुसरीचा मथळा होता, ‘देशातील एक तृतीयांश तरुण रिकामटेकडे’. बीड जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या शाळांत माझी एकतीस वर्षे गेली आणि शेवटची काही वर्षे मुख्याध्यापिका म्हणून यूडायसची, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदप्रणालीची, माहिती मी स्वतः भरली. त्या अनुभवाच्या आधारे सांगते, की दोन्ही बातम्यांतले आकडे खरे आहेत, परंतु त्यांवरून काढलेले अर्थ त्या आकड्यांत नाहीत.

पहिल्या बातमीपासून सुरुवात करते. शंभर मुलांपैकी एकशे तीन मुले शाळेत कशी, असा प्रश्न वाचकाला पडायला हवा होता, पण बातमीने तो पडू दिला नाही. या आकड्याला सकल नोंदणी प्रमाण म्हणतात. एखाद्या गावात सहा ते दहा वर्षे वयाची १०० मुले आहेत असे समजू. त्यांतली ९२ पहिली ते पाचवीत शिकतात आणि आठ कुठेच जात नाहीत. पण त्याच वर्गांत पाच वर्षांची चार आणि अकरा-बारा वर्षांची नऊ मुलेही बसलेली आहेत. पटावर १०५ नावे होतात, त्यांना १०० ने भागले की १०५ टक्के येतात, आणि ती आठ मुले या आकड्यामागे दिसेनाशी होतात. योग्य वयाची किती मुले शाळेत आहेत हे पाहायचे असेल, तर निव्वळ नोंदणी प्रमाण पाहावे लागते आणि ते व्याख्येनुसार शंभराच्या वर जाऊ शकत नाही. म्हणून सकल प्रमाण १०३ वरून ९३ वर आले तर ते वाईटच, असे त्या एका आकड्यावरून म्हणता येत नाही. लहान वयात घातलेली आणि मागे राहिलेली मुले कमी झाली तरीही ते खाली येते.

भाजकाची गोष्ट याहून नाजूक आहे. २०२१ ची जनगणना झालीच नाही, आणि नव्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिन ठरला आहे. तोवर मुलांची संख्या धरली जाते ती २०११ च्या जनगणनेवरून पुढे काढलेल्या अंदाजानुसार. आज पहिली ते पाचवीत शिकणारी मुले त्या जनगणनेच्या वेळी जन्मलेलीसुद्धा नव्हती. जन्मदर अंदाजापेक्षा वेगाने घटला असेल तर भाजक फुगलेला राहतो आणि प्रमाण उगाच कमी दिसते.

भागाकारातला वरचा आकडा, म्हणजे पट, तोही बदलला आहे. २०२१-२२ पर्यंत यूडायस प्लसमध्ये शाळा वर्गवार एकूण संख्या देत असत. २०२२-२३ पासून प्रत्येक विद्यार्थ्याची नावानिशी नोंद होऊ लागली. देशाचा एकूण पट २०२१-२२ मध्ये सुमारे २६ कोटी ५२ लाख होता, तो २०२३-२४ मध्ये सुमारे २४ कोटी ८० लाख झाला. एकच मूल जिल्हा परिषदेच्या पटावरही आणि तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या पटावरही, हा प्रकार आम्हा शिक्षकांना नवा नाही. महाराष्ट्राने तर ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी केली, तेव्हा सुमारे वीस लाख नावे अशी निघाली की त्यांच्यामागे वर्गात मूल नव्हते. तेव्हा आजच्या घटीत दुहेरी नावे गेल्याचा भाग किती, कमी जन्मांचा किती आणि खरोखर शाळा सुटल्याचा किती, हे वेगळे केल्याशिवाय ‘मुले शाळा सोडू लागली’ हे वाक्य छापू नये. आणि सगळी घट केवळ बोगस नावांची, असे समजून निश्चिंत होणेही तितकेच चुकीचे आहे.

कारण मुले खरोखर जातात. माझ्या शाळेत संचमान्यतेसाठी, म्हणजे शिक्षकांची पदे ठरवण्यासाठी, ३० सप्टेंबरचा पट धरला जाई. त्या दिवशी पाचवीच्या वर्गात चौतीस मुले असत. दसरा झाला की मुकादमाचे ट्रक वस्तीवर लागत, ऊसतोडीसाठी आगाऊ उचल घेतलेली जोडपी भांडीकुंडी आणि पोरे घेऊन साखर कारखान्याच्या वाटेला लागत, आणि दिवाळीनंतर शाळा उघडे तेव्हा त्याच वर्गात मी पंधरा-सोळा मुलांची हजेरी घेत असे. काहींना हंगामी वसतिगृहाने किंवा आजी-आजोबांनी थांबवून धरलेले असे, बाकीची उसाच्या फडावर कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, धाकट्या भावंडांना सांभाळत असत. चैत्र सरता ती परत येत तेव्हा परीक्षा तोंडावर आलेली असे. एक महिन्याहून अधिक काळ सलग गैरहजर राहणारे मूल आपल्या राज्यात शालाबाह्य धरले जाते. परंतु सकल नोंदणी प्रमाणात ही सगळी मुले वर्षभर शाळेतच होती, कारण ते प्रमाण नाव मोजते, हजेरी मोजत नाही.

आता दुसरी बातमी, जिच्यासाठी खरे तर हे पत्र लिहायला बसले.

शिक्षण, रोजगार किंवा प्रशिक्षण यांपैकी कशातच नसलेले तरुण, असा त्या बातमीतला निर्देशक आहे. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांचा ‘नीट’ हा शब्द आपल्याकडे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी रुळलेला असल्याने तो तसाच छापला तर वाचकाचा गोंधळ होतो, हे मान्य. पण म्हणून त्याच्या जागी ‘रिकामटेकडे’ लिहावे काय? आणि ‘बेरोजगार’ लिहिले तर तेही चुकते. शंभर तरुण घ्या. पस्तीस शिकत आहेत, चाळीस काम करत आहेत, पाच काम शोधत आहेत आणि वीस यांतले काहीच करत नाहीत. बेरोजगारीचा दर काढताना फक्त काम करणारे आणि शोधणारे मिळून पंचेचाळीस जण धरतात, म्हणून तो अकरा टक्के येतो. या निर्देशकात मात्र पूर्ण शंभर धरतात आणि वर पाच अधिक वीस घेतात, म्हणून तो पंचवीस टक्के येतो. गाव तेच, तरुणही तेच.

आपल्या बातमीतला एक तृतीयांश हा आकडा राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७८ व्या फेरीतला, कोविडमुळे ऑगस्ट २०२१ पर्यंत लांबलेल्या सर्वेक्षणातला आहे. त्यात १५ ते २९ वयोगटासाठी ३३.० टक्के आणि संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत धरल्या जाणाऱ्या १५ ते २४ वयोगटासाठी २९.३ टक्के असे दोन आकडे आहेत. बातमीत वयोगट दिलेलाच नव्हता. आणि जे सर्वांत महत्त्वाचे होते तेही गळाले होते. १५ ते २९ वयाच्या मुलग्यांत हे प्रमाण १५.४ टक्के आहे आणि मुलींत ५१.७ टक्के. हेच १५ ते २४ मध्ये १६.१ आणि ४३.८ आहे. म्हणजे वयोगट पाच वर्षांनी वाढवला की मुलग्यांचा आकडा किंचित उतरतो आणि मुलींचा सुमारे आठ अंकांनी चढतो. पंचविशीत मुलगा कुठेतरी कामाला लागतो आणि मुलगी घरात जाते, ही हकीकत या चार आकड्यांत स्पष्ट वाचता येते. ती बाजूला ठेवून ‘एक तृतीयांश तरुण’ असे मोघम लिहिल्यावर वाचकाच्या डोळ्यांसमोर चावडीवर पत्ते कुटणारी पोरे उभी राहतात.

आमच्या समोरच्या घरी कोण काम करते हे नोंदवणाऱ्या सरकारी श्रमबल सर्वेक्षणाचे एक अन्वेषक आले होते तेव्हा मी तिथे बसले होते. त्या घरातली मुलगी बावीस वर्षांची, बीए झालेली. ती काय करते, असे विचारल्यावर तिची आई म्हणाली, ‘काही नाही, घरीच असते.’ या सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्यांसाठी ९२ हा संकेतांक आहे. घरकामासोबत सरपण, चारा वगैरे गोळा करणाऱ्यांसाठी ९३. आणि घरच्या शेतीत किंवा धंद्यात बिनपगारी मदत करणाऱ्यांसाठी २१. ९२ आणि ९३ रोजगारात मोडत नाहीत, २१ मोडतो. तिचा ९२ लिहिला गेलाच होता. मी म्हटले, ‘अगं, सोयाबीन कोणी खुरपलं? शेळ्या कोण बघतं?’ त्या गृहस्थांनी लगेच वर्षातले दिवस विचारले. मायलेकींनी बोटांवर मोजले, ते तीस दिवसांहून बरेच जास्त भरले. वर्षात तीस दिवस किंवा अधिक केलेले काम दुय्यम काम म्हणून धरतात, त्यामुळे ती मुलगी त्या क्षणी रोजगारात आली. तिचा दिवस पहाटे पाचला हंड्यांपासून सुरू होतो, तो दुसऱ्या दिवशीही तसाच सुरू झाला असणार. बदलला तो फक्त प्रश्न.

याच निर्देशकाची आणखी एक मर्यादा शिक्षकांना टोचते. नववीतला पंधरा वर्षांचा मुलगा शाळा सोडून कोयता हाती घेतो तेव्हा तो शिक्षणातून निघून रोजगारात जातो, म्हणून हा आकडा जराही हलत नाही. शिक्षणहक्काचा कायदा चौदाव्या वर्षी त्याला सोडतो आणि हा निर्देशक पंधराव्या वर्षी त्याला ‘ठीक आहे’ म्हणतो.

माझी मागणी मोठी नाही. नोंदणीची टक्केवारी छापताना ती सकल की निव्वळ आणि कोणत्या वर्षाची, तरुणांची टक्केवारी छापताना वयोगट कोणता आणि त्यात मुलगे किती, मुली किती, एवढे एका ओळीत द्यावे. त्याला जागा लागत नाही. आणि ‘रिकामटेकडे’ या मथळ्याची दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच ठळकपणे छापावी. समोरच्या घरी आपलाच पेपर येतो आणि तो मोठ्याने वाचून दाखवण्याचे काम त्या मुलीकडे आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त मुख्याध्यापिका, बीड जिल्हा