मुलाखत छापण्याआधी ताळेबंद पाहावा

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीतल्या नवउद्योजकांच्या मुलाखती मी आवडीने वाचतो. खटकते ते एवढेच, की संस्थापकाने सांगितलेला आकडा तिथे जसाच्या तसा छापला जातो. अमुक कोटींची उलाढाल, तमुक हजारांची आगाऊ नोंदणी, हे कोणी पडताळले याचा पत्ता नसतो. आणि त्या कात्रणाच्या भरवशावर मुले चांगली नोकरी सोडतात, लहान पुरवठादार तीन-तीन महिने उधारीवर माल देतात.

आपल्या चाकणचेच पाहा. जेनसोल इंजिनिअरिंगने जानेवारी २०२५ मध्ये ३० हजार विद्युत मोटारींची आगाऊ मागणी आल्याचे जाहीर केले. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या १५ एप्रिलच्या अंतरिम आदेशातून निघाले काय, तर नऊ संस्थांशी २९ हजार गाड्यांचे सामंजस्य करार, ज्यांत ना किंमत ठरलेली, ना गाड्या कधी द्यायच्या ते. राष्ट्रीय शेअर बाजाराचा अधिकारी ९ एप्रिलला चाकणच्या कारखान्यात गेला, तेव्हा तिथे दोन-तीन मजूर होते आणि उत्पादन काहीच नाही. त्या अधिकाऱ्याने मग विजेची बिले मागितली. वर्षभरातले सर्वांत मोठे बिल डिसेंबरचे, १ लाख ५७ हजार रुपयांचे. मोटारींच्या कारखान्याला महावितरणचे बिल एवढेच!

बिले आपल्याला कोणी दाखवणार नाही, हे मान्य. पण बरेच काही उघड्यावर असते. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर संचालक कोण, शेवटचा ताळेबंद कोणत्या तारखेचा, कंपनीवर कर्जाचा बोजा किती, हे फुकट दिसते. १०० रुपये भरले की दाखल केलेले ताळेबंदही पाहता येतात. सनदी लेखापालांच्या कार्यालयात उमेदवारी केल्यामुळे मी आधी एकच पाहतो: हिशेब वेळेवर भरलेत का? ऑनलाइन शिकवणीच्या धंद्यातल्या बायजूजचे २०२०-२१ चे हिशेब थेट सप्टेंबर २०२२ मध्ये बाहेर आले, तोटा साडेचार हजार कोटींच्या वर. मधल्या काळात कंपनीचे मूल्य २२ अब्ज डॉलर झाल्याच्या बातम्या सगळीकडे झळकत होत्या. जून २०२३ मध्ये लेखापरीक्षक डेलॉइटने राजीनामा दिला, तेव्हा कुठे अनेकांचे डोळे उघडले.

एखाद्याची पहिली कंपनी बुडाली असेल तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. धंदा आहे, बसतो कधी कधी. मुलाखतीत तिचा उल्लेखच नसेल, तर मात्र विचारायला हवे. पुरस्कारांना आणि 'स्टार्टअप इंडिया' या सरकारी योजनेच्या मान्यतेला मी फारसे महत्त्व देत नाही. ती मान्यता म्हणजे धंदा नीट चालल्याचा दाखला नव्हे. स्वच्छ कागद दाखवूनही फसवणारे असतात, पण कागदच न भरणाऱ्याला एवढी जागा कशाला द्यायची?

निदान मुलाखतीखाली कंपनीचे नोंदणीकृत नाव आणि शेवटचा ताळेबंद कोणत्या वर्षाचा, या दोन ओळी छापाव्यात. नुसत्या ब्रँडच्या नावाने मंत्रालयाच्या नोंदीत बऱ्याचदा काही सापडत नाही. बायजूजची नोंद 'थिंक अँड लर्न प्रायव्हेट लिमिटेड' या नावाने आहे, हे किती वाचकांना ठाऊक होते?

– एक वाचक, चिंचवड