निर्माते अत्रे

प्रिय विनू,

सप्रेम नमस्कार.

परवा तू म्हणालास, पीएफ काढून सिनेमा करतोय, आणि मला पटकन काही बोलताच आलं नाही. त्याचा वेगळा अर्थ काढू नकोस. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या सारखे आचार्य अत्रे आठवत होते. सभा गाजवणारे नव्हेत, निर्माते अत्रे. त्यांची ही बाजू आपण फार लवकर विसरलो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

१९५३ साल बघ. त्याच वर्षी पुण्यात 'प्रभात' फिल्म कंपनीला कुलूप लागलं. पगारी नट, स्वतःचा स्टुडिओ, ते दिवस सरत आले होते. तशात या माणसानं साने गुरुजींची 'श्यामची आई' पडद्यावर आणली. प्रेमकथा नाही, थाटमाट नाही; कोकणातलं एक खालावत चाललेलं घर आणि आई. निर्मिती, पटकथा, दिग्दर्शन, सगळं अंगावर घेतलेलं.

आजीच्या भूमिकेसाठी मनात असलेल्या बाई 'फार शहरी दिसतात' म्हणून तू अडलायस ना? मग वनमालाबाई आठव. ग्वाल्हेरच्या मोठ्या घरातली मुलगी, १९४१च्या 'सिकंदर'मधली देखणी रुखसाना. पण त्याच वर्षी अत्र्यांच्या 'पायाची दासी'तही त्या होत्या, म्हणजे बाईंचं पाणी त्यांनी जोखलेलं होतं. बारा वर्षांनी त्यांनाच त्यांनी श्यामची आई केलं. आंघोळ झाल्यावर ओल्या तळव्यांना माती लागेल म्हणून श्याम हटून बसतो आणि ती धोंडीवर ओचे पसरते, तो प्रसंग पुन्हा बघ. रुखसाना कुठे सापडते का सांग. मला तरी दर वेळी माझी आईच दिसते.

१९५४ला पहिलंवहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक याच सिनेमाला मिळालं. सगळ्या भारतीय भाषांत पहिलं, विनू, आणि मराठीला! त्यानंतर आणखी एखादी आईची गोष्ट सहज खपली असती. अत्र्यांनी काढला 'महात्मा फुले'. जोतीराव बाबूराव पेंढारकर, सावित्रीबाई सुलोचनाबाई. सुरुवातीलाच गाडगेबाबांचं कीर्तन आहे, खुद्द बाबांचं. १९५६ला बाबा गेले. ते बोलताना कसे दिसायचे, हे आज आपल्याला पाहायला मिळतं, यासाठी मी अत्र्यांचा जन्माचा ऋणी आहे. त्यालाही मराठीतलं रौप्यपदक मिळालं. पण पदक नसतं मिळालं तरी माझ्या लेखी तो सिनेमा तेवढाच मोठा.

तेव्हा त्या बाईंना एकदा नऊवारी नेसवून, मेकअप न करता तुमच्या गावच्या पडवीत बसव, तांदूळ निवडायला दे, आणि मग ठरव. पीएफ सगळा काढू नकोस, थोडा वहिनींच्या नावानं ठेव. माझ्याकडून पन्नास हजार धर. शनिवारी घेऊन येतोय, तेव्हा पटकथा वाचून दाखव.

तुझा,
अरुण