अण्णा, रागवू नका, पण हे सगळ्यांसमोरच लिहायचं होतं

अण्णा, नमस्कार.

तुम्हाला हे आवडणार नाही, माहितीये मला. रिटायर झालात तेव्हा सत्काराची शाल पण घेतली नव्हती म्हणे तुम्ही. पण फोनवर थँक्यू म्हणलं की तुम्ही "बरं बरं, जेवलीस का अम्मा" करून विषय बदलता, म्हणून इथं लिहितेय, आता बदला बघू विषय.

बाकीच्यांसाठी थोडं सांगते. अण्णा म्हणजे सोलापूर जिल्हा परिषदेच्या लेखा शाखेतून रिटायर झालेले, राहायला पूर्व भागात, घरात तेलुगू, ऑफिसात मराठी आणि अक्कलकोटकडचा माणूस आला की सरळ कन्नड. आणि मी सोलापूरचीच, आता दिल्लीत एका आंतरराष्ट्रीय विकास बँकेत सरकारशी आणि प्रकल्पाशी ज्यांचा ज्यांचा संबंध येतो त्या सगळ्यांशी बोलणं ठेवायचं काम बघते, म्हणजे त्या टीमची हेड आहे. बँकेचं नाव टाकत नाही, टाकलं की कम्युनिकेशनवाल्यांची परवानगी आली आणि मग हे पत्र दिवाळीनंतरच निघेल.

माझ्या माहेरी अजून समज असा की पोरगी बँकेत आहे म्हणजे कर्ज मंजूर करून देते. मामेभावानं तर शेततळ्यासाठी विचारून पण झालंय. लोकांना वाटतं जागतिक बँकेचे पैसे आले म्हणजे कुणीतरी परदेशातून पेटी पाठवली. तसं काही नसतं. राज्यघटनेच्या कलम २९३ प्रमाणे राज्यानं कर्ज घ्यायचं ते देशातूनच, त्यामुळं परदेशी कर्ज केंद्राच्या मार्फत येतं. राज्य प्रस्ताव करतं, तो दिल्लीत अर्थ मंत्रालयाच्या आर्थिक व्यवहार विभागाकडं जातो, तिथं छाननी होते, मग बँकेची माणसं येऊन बघतात, वाटाघाटी होतात, संचालक मंडळ मान्यता देतं, सह्या होतात. आणि एवढं झाल्यावर पण बऱ्याच प्रकल्पांत आधी राज्यानं आपल्या बजेटमधून खर्च करायचा, हिशोब पाठवायचा आणि मग ते पैसे परत मिळतात. त्यासाठी बजेटमध्ये लेखाशीर्ष, म्हणजे त्या खर्चाचा वेगळा रकाना पाहिजे, ते नसलं की वॉशिंग्टनमध्ये कितीही टाळ्या वाजू देत, इथं एक रुपया हलत नाही. २००५ पासून तर आपल्यासारख्या राज्यांना हे कर्ज बँकेनं ज्या अटींवर दिलं त्याच अटींवर पुढं मिळतं, म्हणजे डॉलर महागला तर त्याची झळ राज्यालाच. शेतमालासाठीचे राज्याचे दोन प्रकल्प बघा, स्मार्टला जागतिक बँकेचं २१ कोटी डॉलर, मॅग्नेटला आशियाई विकास बँकेचं १० कोटी डॉलर, ज्यात आपलं डाळिंब पण आहे, हे आकडे पेपरात येतात तेव्हा त्यामागं किती टेबलं फिरून झालेली असतात ते कुणी लिहीत नाही.

ही टेबलं मला अण्णांनी दाखवली.

आमच्याकडं काय पद्धत, काही अडलं की वरून फोन. सचिवांना भेटा, मंत्र्यांची वेळ घ्या, दिल्लीहून मोठ्या साहेबाला आणा. एका पाण्याच्या प्रकल्पाची फाईल अशीच अडकलेली, आमच्याकडं सगळे म्हणत होते की राजकीय इच्छाशक्ती नाही, शासन सुस्त आहे वगैरे, नेहमीचं. तुमची ओळख नुकतीच झालेली. तुम्ही एवढंच विचारलंत की शेवटची टिपणी, म्हणजे फाईलवर अधिकारी लिहितात ती नोंद, बघितली का कुणी? कुणीच नव्हती बघितली. जी प्रत मिळाली ती घेऊन मी तुमच्या घरी आले, तुम्ही चष्मा कपाळावर सरकवला आणि कागद चक्क मागून वाचायला घेतले. शेवटची टिपणी आधी, मग तिच्या आधीची, असं करत करत मागं. हातात पेन्सिल, शाई नाही, दुसऱ्याच्या कागदावर शाई लावायची नाही म्हणालात. एका ओळीपाशी थांबून समासात बारीक टिंब दिलंत आणि म्हणालात, "ह्यो नाही म्हणत नाहीये, ह्यो विचारतोय. प्रकल्प संपल्यावर देखभाल दुरुस्तीचा खर्च कुणी करायचा? त्याला उत्तर द्या की."

खरंच तेवढंच होतं हो. पंप बसवायला कर्ज आहे, पण पाच वर्षांनी पंप जळला तर वायरिंगपासून वीजबिलापर्यंत कोण भरणार, पाणीपट्टी किती वसूल होते आणि कमी पडले तर कुठल्या शीर्षातून, हे त्या टेबलवरच्या माणसाला पाहिजे होतं कारण उद्या ऑडिटचा पॅरा, म्हणजे आक्षेप निघाला तर उत्तर त्यानंच द्यायचं असतं. आमच्या जाडजूड इंग्लिश रिपोर्टात हे कुठंतरी परिशिष्टात होतं पण ते वाचणार कोण. तुम्ही माझ्याकडून एक पान मराठीत लिहून घेतलंत, वर विषय, खाली संदर्भ, मग वसुलीचे आकडे, शेवटी मान्यतेस्तव सादर. फाईल पुढं गेली. साहेबाला आणायची वेळच आली नाही.

तुम्ही त्यावेळी बदल्यांच्या कायद्याचं पण सांगितलंत, २००५ चा, त्यात एका टेबलवर फाईल कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त ठेवायची नाही असं आहे म्हणून, आणि सांगता सांगता स्वतःच एवढं हसलात की काकूंनी आतून डोकावून बघितलं. पण त्याच कायद्यात साधारण तीन वर्षांत बदली आहे आणि खरी गोष्ट तीच, आयएएस साहेब येतात जातात, आमचे परदेशी टीम लीडर पण बदलतात, राहतो तो कारकून. अव्वल कारकून, लेखाधिकारी, स्वीय सहायक. मी आता दिल्लीत पण नवीन पोरांना हेच सांगते, मोठ्या साहेबाबरोबर फोटो काढा, पण त्यांच्या बाहेरच्या खोलीत बसणाऱ्याला आपण कशासाठी आलोय ते नीट समजावून मगच निघा.

आणि दुसरं, पाण्याच्या प्रकल्पासाठी लोकांचं म्हणणं ऐकायला पूर्व भागात घेतलेली ती बैठक.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, या सगळ्या लोकांशी बोलण्याच्या नियमांमागं मोठा इतिहास आहे आणि तो आपल्याच शेजारचा आहे. सरदार सरोवराला जागतिक बँकेनं १९८५ मध्ये कर्ज दिलं, विस्थापितांचं काय होणार यावरून एवढा विरोध झाला की बँकेला स्वतंत्र समिती नेमावी लागली, १९९२ मध्ये मॉर्स समितीचा अहवाल आला, तो बँकेवरच कडक होता, आणि १९९३ मध्ये भारतानं उरलेलं कर्ज सोडून दिलं. त्याच वर्षी बँकेनं इन्स्पेक्शन पॅनेल काढलं, म्हणजे प्रकल्पामुळं नुकसान होतंय असं वाटणाऱ्या साध्या माणसाला थेट बँकेविरुद्ध दाद मागता यावी म्हणून. २०१८ पासून तर त्यांची दहा पर्यावरण आणि सामाजिक मानकं आहेत, त्यातलं दहावं लोकांशी बोलणं आणि माहिती उघड करणं याच्यावरच आहे. आपल्या सोलापूरकरांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको, उजनी धरणासाठी ज्यांची गावं पाण्यात गेली त्यांची नातवंडं आपल्यातच आहेत.

पण नियम असला म्हणून बोलणं होतंच असं नाही. त्या दिवशी बॅनर होता, खुर्च्या होत्या, चहा होता, हजेरीपत्रकावर सह्या आणि अंगठे भरपूर. माणसं गप्प. आमची कन्सल्टंट शुद्ध मराठीत स्लाइड दाखवतेय आणि समोर बसलेल्या निम्म्या बायका घरी तेलुगू बोलणाऱ्या, विड्या वळणाऱ्या. कागदावर बैठक पूर्ण झाली असती. तुम्ही मागं उभे होतात, तिथनं येऊन खाली सतरंजीवर त्यांच्यात बसलात आणि तेलुगूत काहीतरी विचारलंत, मला त्यातलं "नीळ्ळु" एवढंच कळलं, आणि मग जो गलका सुरू झाला तो आवरेना.

त्यांचं म्हणणं काय होतं? आम्ही ठरवून गेलो होतो की लोक पाणी जास्त मागतील. तेव्हा चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या शहरात दुसरं काय मागणार. त्या म्हणत होत्या की कधी येणार ते सांगा. विड्यांची मजुरी हजारावर मिळते, माल कारखान्यात ठरलेल्या वेळेला जमा करायचा असतो, पाणी येईल म्हणून बसून राहिलं की तेवढ्या विड्या कमी, आणि कारखान्यात गेलं की नेमकं तेव्हाच पाणी येऊन जातं. एका बाईनं सूप मांडीवर ठेवलेलंच होतं, बोलता बोलता तिची बोटं चालूच, पान, तंबाखू, दोरा, आणि आमच्या इंजिनिअरला म्हणाली (तुम्ही सांगितलेला अर्थ) की तुमचा पाइप मोठा करा नाही तर लहान करा, वेळ लिहून द्या. पाण्याचं वेळापत्रक गल्लीत आधी लावायचं आणि बदललं तर कळवायचं हे आमच्या आराखड्यात त्यानंतर आलं. रिपोर्टात त्या बायकांचं नाव नाही, तुमचं पण नाही, "स्थानिक सल्लामसलतीतून" असं लिहिलंय फक्त. म्हणून पण हे पत्र.

तक्रारीचा नंबर पण तुम्हीच बदलायला लावलात. टोल फ्री लावून कुणी करत नाही, झोन ऑफिसच्या कुठल्या खिडकीवर कोण बसतं ते लिहा म्हणालात. आणि नगरसेवकांचं! २०२२ च्या मार्चमध्ये महापालिकेची मुदत संपली आणि मग प्रशासक आले, आमच्या लिस्टमध्ये लोकप्रतिनिधींचा रकाना रिकामा. तुम्ही म्हणालात खुर्ची गेली म्हणून माणूस गेला का, माजींना बोलवा, आणि सगळ्या पक्षांचे बोलवा, पत्रिकेवर नावं राजशिष्टाचारानं टाका, एकाचं जरी वरखाली झालं तरी तुमचा प्रकल्प बाजूला आणि भांडण पुढं. २०२४ मध्ये मार्चपासून लोकसभेची आचारसंहिता आणि ऑक्टोबरात परत विधानसभेची, तेव्हा काय काय कधी उरकून घ्यायचं ते पण तुम्ही आधीच पंचांग काढल्यासारखं सांगून ठेवलं होतं, हेड ऑफिसला वाटलं मी लई हुशार. मी काही बोलले नाही. आज बोलतेय.

या सगळ्याचे तुम्ही एक पैसा घेतला नाहीत. कन्सल्टंट म्हणून नाव टाकू का विचारलं तर म्हणालात पेन्शन आहे की. शेंगा चटणी मात्र दर वेळी माझ्याच बॅगेत भरलीत, उलटी गंगा.

आता एक मागणं. तुमची ती निळ्या पुठ्ठ्याची वही, ज्यात कुठलं काम कुठल्या टेबलवरून जातं, कुणाच्या पुढं काय जोडायचं, कुठल्या महिन्यात कोण रजेवर असतं असलं सगळं लिहिलंय, ती मला झेरॉक्स करून पाहिजे. आमच्याकडं नवीन पोरं येतायत, दिल्ली-मुंबईची, हुशार आहेत, पण त्यांनी टिपणी बघितलेली नाही कधी. रजेचं पान गाळलं तरी चालेल. पुढच्या महिन्यात सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं येतेय, तेव्हा घेऊन जाईन, आणि झेरॉक्सचे पैसे मी देणार, त्यावर वाद घालायचा नाही.

काकूंना नमस्कार.

तुमची,
अम्मा