बाबा, ती गोळी परस्पर बंद करू नका

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

गणपतीत पूजेला बसताना बाबांनी उपरणं अंगाभोवती घट्ट लपेटून घेतलं होतं, ते मला तेव्हाच खटकलं. एरवी सोवळ्यात ते उघड्या अंगाने वावरायचे. परवा आईने फोनवर हळू आवाजात सांगितलं: छाती वाढलीय, डावीकडे सदरा घासला तरी दुखतं, म्हणून मी त्यांचं तूप बंद केलंय.

आई, हृदयासाठी तूप कमी केलंस ते ठीकच. पण हे दुखणं तुपाचं वाटत नाही. नुसती चरबी हाताला सगळीकडे सारखी मऊ लागते, सहसा दुखत नाही. ग्रंथी वाढली तर स्तनाग्राच्या बरोबर खाली रबरासारखी चकती लागते आणि दाबली की दुखते. याला गायनेकोमास्टिया म्हणतात. पन्नाशीनंतर पुष्कळ पुरुषांना होतो, कारण टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन घटतं आणि इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचा जोर वाढतो.

बाबा, तुमच्या बाबतीत माझा संशय आहे तो स्पायरोनोलॅक्टोनवर, हृदयाचं पंपिंग कमी झालं म्हणून सुरू केलेल्या गोळीवर. ती टेस्टोस्टेरॉनच्या कामात आडवी येते. अशाच रुग्णांवरच्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 1999 साली आले. त्यात ही गोळी घेणाऱ्या पुरुषांपैकी 10 टक्क्यांना हा त्रास झाला. पण त्याच चाचणीत या गोळीमुळे मृत्यूंचा धोका 30 टक्क्यांनी कमी झाला होता! म्हणून हात जोडून सांगतो, लाजेपोटी ती परस्पर सोडू नका. डॉक्टर डोस कमी करू शकतात, किंवा इप्लेरेनोन ही तशीच दुसरी गोळी देऊ शकतात. तिने छातीचा हा त्रास क्वचितच होतो. मात्र ते त्यांनीच ठरवायचं.

आणखी एक, स्पष्टच लिहितो. स्तनाचा कॅन्सर पुरुषांनाही होतो. फार क्वचित, पण होतो. गाठ एकाच बाजूला, कडक, स्तनाग्रापासून बाजूला सरकलेली असेल, कातडी आत ओढली जात असेल, रक्ताळ पाणी येत असेल किंवा काखेत गाठ असेल, तर सोनोग्राफी, मॅमोग्राफी लागते. तुमचं डावीकडेच जास्त आहे, म्हणून तपासून घ्यायचंच. रक्ताच्या चाचण्याही करतील: यकृत, किडनी, थायरॉइड, हार्मोन.

दिवाळीपर्यंत थांबायला माझी तयारी नाही. सुरुवातीच्या महिन्यांत कारण दूर केलं की सूज बरीचशी उतरते. गरज वाटली तर काही महिने टॅमॉक्सिफेन ही इस्ट्रोजेनला अडवणारी गोळी देतात. वर्ष उलटलं की ग्रंथी निबर होते, मग गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही, ऑपरेशनच उरतं.

नववीत मी विहिरीवर पोहायला जायचं सोडलं होतं, आठवतं? कोणालाही न सांगता तुम्ही मला एसटीने सांगलीला नेलंत. या वयात बऱ्याच मुलांना होतं, वर्ष-दोन वर्षांत जातं, असं डॉक्टर म्हणाले आणि अकरावीपर्यंत गेलंही. परतताना तुम्ही एक अक्षर विचारलं नाहीत. त्या गप्प राहण्याने मला किती आधार वाटला होता, हे कधी सांगितलं नाही.

शनिवारी सकाळी येतो. एकोचे रिपोर्ट, सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि ते वैद्यांचं चूर्णसुद्धा एका पिशवीत भरून ठेव, आई. बाबा, बटणांचा शर्ट घाला. तपासताना मी बाहेर बाकावर बसेन. हाक मारलीत तरच आत येईन.

तुमचा,
धाकटा