पाठ फिरवून ऐकणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

तुमचे आभार समोरासमोर मानायचा प्रयत्न मी केला होता. पण "अहो, त्यात काय एवढे" म्हणत तुम्ही बॅग खांद्याला लावलीत आणि निघालात, त्यामुळे जे सांगायचे होते ते राहूनच गेले. आज ते लिहून काढते आहे, आणि मुद्दाम सर्वांसमक्ष लिहिते आहे. चेंडू नीट लागत नाही म्हणून गोल्फ सोडून द्यायच्या बेतात आलेली हौशी माणसे प्रत्येक ड्रायव्हिंग रेंजवर असतात आणि त्यांना सल्ला देणारी माणसेही तिथेच असतात. एखाद्याला मदत कशी करावी, याचा तुम्ही घालून दिलेला पाठ त्या दोघांपर्यंतही पोहोचावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

तुमची भेट होण्यापूर्वी माझे काय चालले होते, हे तुम्ही कधी विचारले नाही. माझ्या हातून आयर्नचा, म्हणजे धातूच्या चपट्या डोक्याच्या क्लबचा (काठीचा), फटका स्वच्छ बसतच नव्हता. कधी क्लब चेंडूच्या आधीच जमिनीत रुतायचा आणि चेंडू निम्म्या अंतरावर पडायचा. कधी क्लबची खालची कड चेंडूच्या मध्यावर आपटून तो सरपटत जायचा आणि बोटांना झिणझिण्या यायच्या. दोन्ही चुका एकाच कारणाने होतात, हे मला कोणी सांगितले नव्हते. एका प्रशिक्षकांनी मोबाइलवर माझा स्विंग टिपला, त्यावर रंगीत रेघा ओढल्या, शेजारी एका व्यावसायिक खेळाडूचे चित्र ठेवले आणि कोपर, मनगट, गुडघा, खांदा, ग्रिप असे एकेक करून सगळेच बदलायला सांगितले. पुढच्या तासाला ते स्वतःच आधीच्या तासाचे विसरले होते. दुसऱ्या एका ठिकाणी लाँच मॉनिटर, म्हणजे फटक्याची मोजमापे घेणारे यंत्र, होता. चेंडूचा वेग भागिले क्लबचा वेग म्हणजे स्मॅश फॅक्टर, ड्रायव्हरने (सर्वांत लांब फटक्याच्या क्लबने) तो जास्तीत जास्त १.५ च्या आसपास जातो, आणि माझा त्याहून बराच कमी येतो, हे तिथे मला प्रत्येक फटक्यानंतर मोठ्याने वाचून दाखवले जात असे. तो कमी का येतो, हा प्रश्न मी विचारला की "सराव वाढवा" एवढेच उत्तर मिळे. न विचारता माझे खांदे धरून वळवणारेही एक गृहस्थ होते. या कोणाचेही नाव घ्यायचे कारण नाही, पण पैसे आणि वेळ घेऊन माणसाला आहे त्याहून गोंधळलेल्या अवस्थेत परत पाठवणे ही मला आजही साधी गोष्ट वाटत नाही.

यंत्रांबद्दल माझ्या मनात अढी नाही, हेही सांगायला हवे. चेंडू कोणत्या दिशेने निघणार हे स्विंगच्या मार्गावरून ठरते, असे वर्षानुवर्षे शिकवले जात होते. रडारवर चालणाऱ्या उपकरणांनी ते खोटे ठरवले. चेंडू निघतो तो मुख्यतः क्लबफेसचे, म्हणजे क्लबच्या चेंडूला लागणाऱ्या पृष्ठभागाचे, तोंड जिकडे असेल तिकडे, आणि हवेत वळतो तो फेस आणि मार्ग यांच्यातल्या फरकामुळे. ही माहिती मोलाची आहे. फक्त ती कोणाच्या हाती आहे आणि तो समोरच्याकडे कसे पाहतो, यावर सगळे अवलंबून असते.

रेंजवर कृत्रिम गवताच्या मॅटवरून सराव करतात; तुम्ही शेजारच्या मॅटवर असायचात. बराच काळ तुम्ही एक अवाक्षरही बोलला नाहीत, याची मला त्या वेळी किंमत कळली नव्हती. मग एके दिवशी, मी लागोपाठ फटके वाया घालवून क्लबवर हात टेकून उभी असताना, तुम्ही दोन पावले दुरून विचारलेत, "तुमची हरकत नसेल तर एक सुचवू का?" मी म्हटले, "आज नको, काका." तुम्ही मान हलवलीत, हसलात आणि आपल्या सरावाला लागलात. ना चेहऱ्यावर नाराजी, ना पुन्हा आडून काही सांगण्याचा प्रयत्न. रेंजवर नकार ऐकून घेणारी माणसे, विशेषतः बाईचा नकार, फार कमी भेटतात. पुढच्या वेळी मीच तुमच्याकडे आले, ते तुमच्या खेळाकडे पाहून नव्हे. माझे "नको" तुम्ही जसेच्या तसे घेतले होते, म्हणून मी आले.

तुम्ही सर्वांत आधी मला मॅटवरून उठवून गवतावर नेलेत. मॅटवर क्लब चेंडूच्या आधी टेकला तरी तो घसरत पुढे जातो, चेंडूही बऱ्यापैकी उडतो आणि चूक झाकली जाते. गवत आणि माती काहीच झाकत नाहीत. एवढी साधी गोष्ट माझ्याकडून शुल्क घेणाऱ्यांपैकी एकालाही सुचली नव्हती. मग तुम्ही टीच्या (चेंडू ठेवायच्या छोट्या खुंटीच्या) टोकाने जमिनीवर एक रेघ ओढलीत, चेंडू बाजूला ठेवलात आणि त्या रेघेवर नुसता स्विंग करायला सांगितलेत. मी क्लब फिरवला. डिव्हट, म्हणजे क्लबने गवत-माती उपटून पडलेला खड्डा, रेघेच्या चांगला मागे सुरू झाला होता. पुन्हा फिरवला, पुन्हा मागेच. तुम्ही गुडघ्यावर बसून त्या ओल्या मातीच्या कडेवर बोट ठेवलेत आणि विचारलेत, "हा कुठून सुरू झाला, तुम्हीच सांगा." उत्तर माझ्या तोंडून यावे, एवढ्यासाठी तुम्ही थांबलात. आयर्नने आधी चेंडू आणि मग जमीन लागायला हवी, म्हणजे स्विंगचा सर्वांत खालचा बिंदू चेंडूच्या पुढे पडायला हवा, हे मी पूर्वीही ऐकले होते. पण माझा बिंदू नेमका कुठे पडतो, हे तोवर मी पाहिलेच नव्हते. वजन मागच्या पायावर ठेवून मी चेंडू वर उचलायला जात होते. खालचा बिंदू मागे राहिला की क्लब एक तर मातीत रुततो, नाही तर वर येता येता चेंडूच्या मध्यावर बसतो. माझ्या दोन्ही चुकांचे मूळ हे होते. सेव्हन आयर्नच्या फेसला तिसेक अंशांचा उतार मुळातच असतो, चेंडू वर नेण्याचे काम तो करतो, आपण ते करायचे नसते, हे तुम्ही फार थोडक्यात सांगितलेत.

त्यानंतर तुम्ही जे केलेत, त्यासाठी हे पत्र आहे.

पुढे काय आणि कसे करून घेतलेत, याचा तपशील इथे देत नाही. तो माझ्या शरीरापुरता होता आणि दुसऱ्याला जसाच्या तसा लागू पडेलच असे नाही. पण चेंडू पुन्हा समोर आला तसे माझे खांदे आखडले. इतके दिवस कोणी ना कोणी, एखादा कॅमेरा, एखादा पडदा माझ्याकडे पाहत होता, आणि प्रत्येक फटक्याबरोबर निकाल लागत होता. तुमच्या ते लक्षात आले असावे. तुम्ही म्हणालात, "मी बघत नाही. मी ऐकतो." आणि तुम्ही खरोखरच माझ्याकडे पाठ केलीत. हात मागे बांधून, दूरच्या झाडांकडे तोंड करून उभे राहिलात.

पहिला फटका धप्प वाजला. तुम्ही काही बोलला नाहीत. दुसऱ्याला टणकन आवाज आला आणि माझी बोटे झिणझिणली. तरीही तुम्ही वळला नाहीत. मला मात्र प्रथमच जाणवले की आपल्याला कोणी तपासत नाहीये. जबडा सैल झाला, श्वास पूर्ण बाहेर गेला. मग कधीतरी एक आवाज आला, आखूड, भरीव, काठ नसलेला; हाताला चेंडू लागल्याचे जवळजवळ कळलेच नाही. क्लबचा फेस आणि चेंडू यांचा संपर्क सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागाइतकाच टिकतो, तेवढ्या वेळात हाताला काही दुरुस्त करता येत नाही, जे व्हायचे ते आधीच ठरलेले असते. तुम्ही पाठमोरेच म्हणालात, "हा." एवढेच. चेंडू कुठे गेला हे तुम्ही पाहिलेच नव्हते. मी खाली पाहिले, तर डिव्हट रेघेच्या पुढे सुरू झाला होता.

काका, त्या "हा" ने माझ्यासाठी काय केले हे मला नीट मांडता येईल की नाही, ठाऊक नाही. तोवर माझ्या फटक्याचा निवाडा बाहेरून यायचा. त्या क्षणी तुम्ही ऐकत होता ती गोष्ट मलाही ऐकू येत होती, आणि आपले दोघांचे मत एकच होते. तेव्हापासून मी सरावाला एकटी असले तरी माझ्याजवळ एक पारख आहे. हीलकडे, म्हणजे क्लबफेसच्या दांड्याजवळच्या बाजूला, लागलेला चेंडू खटकन वाजतो, टोकडे म्हणजे बाहेरच्या टोकाला लागला तर क्लब हातात पिळवटतो, मधोमध लागलेला नुसता निघून जातो. हे कोणत्याही पडद्यावर पाहावे लागत नाही.

नंतर मी याबद्दल थोडे वाचले. दृष्टिहीन खेळाडू गोल्फ खेळतात. त्यांचा सहायक त्यांना रोख धरून देतो, अंतर सांगतो, आणि स्विंग मात्र सर्वस्वी त्यांचा असतो. अपंग खेळाडूंसाठीच्या तरतुदी २०२३ च्या नियमावलीत नियम २५ म्हणून मुख्य नियमांतच घेतल्या आहेत. एरवी खेळाडू फटक्यासाठी उभा राहू लागल्यावर त्याच्या कॅडीने (क्लबची बॅग वाहणाऱ्या मदतनिसाने) मागे रेषेत उभे राहून रोख दाखवायला मनाई आहे, पण दृष्टिहीन खेळाडूच्या सहायकाला ती मुभा आहे. ज्याला जेवढी आणि जिथे गरज आहे, तेवढाच हात द्यायचा आणि फटका त्याचा त्यालाच मारू द्यायचा, असा विचार त्या तरतुदीमागे मला दिसतो. तुमच्या वागण्याशी तो मला इतका जुळलेला वाटला की तो वाचताना तुमचीच आठवण झाली.

या खेळात स्वतःच्या चुकीचा दंड स्वतःच जाहीर करणारे खेळाडू असतात, आणि त्याचे कौतुक होते ते योग्यच आहे. पण सभ्यपणाचा दुसरा, कमी दिसणारा प्रकार म्हणजे दुसऱ्याच्या शिकण्यात आपली जागा किती, हे ओळखणे. तुम्हाला माझ्यापेक्षा खूप अधिक कळत होते. ते सगळे माझ्यावर ओतण्याची संधी तुमच्यासमोर होती. तुम्ही एक रेघ, एक प्रश्न आणि पाठमोरे उभे राहणे एवढेच दिलेत. माझ्यामते ही विद्वत्तेहून अवघड गोष्ट आहे. ज्यांनी माझ्याकडून शुल्क घेतले त्यांना ती येत नव्हती, आणि तुम्ही तर मला बकेटभर चेंडूंचे पैसेही देऊ दिले नाहीत.

आता थोडे सध्याचे सांगते, कारण तुम्हाला त्यात रस असेल. शॉर्ट आयर्न बहुतेक वेळा स्वच्छ लागतात. सेव्हन आयर्नचे डिव्हट रेघेच्या पुढे पडतात आणि निम्म्यावर पडणारे चेंडू विरळ झाले आहेत. लांब आयर्नच्या बाबतीत अजून घाई होते. वर जाऊन थांबायच्या आतच खाली यायची ओढ लागते. ड्रायव्हरचा प्रश्न वेगळा आहे, तिथे चेंडू टीवर असतो आणि क्लब किंचित वर जाताना लागायला हवा, त्यामुळे आयर्नची सवय तशीच तिकडे नेता येत नाही. ते मी सध्या बाजूला ठेवले आहे. रेघ मात्र रोज ओढते. काम झाले की उपटलेल्या जागेत वाळू भरून पायाने दाबते, तुम्ही करायचात तशीच.

एक विनंती आहे. एखाद्या सकाळी माझ्यासोबत नऊ होल खेळाल का? फेरी चालू असताना एका खेळाडूने दुसऱ्याला सल्ला देणे नियम १०.२ नुसार चालत नाही, आणि मला त्या दिवशी सल्ला नकोच आहे. तुमचा खेळ मी आजवर शेजारच्या मॅटवरून अर्धामुर्धाच पाहिला आहे, तो पहिल्या टीपासून नवव्या ग्रीनपर्यंत पाहायचा आहे. दिवस आणि वेळ तुमच्या सोयीने ठरवा. रेंजच्या कार्यालयात निरोप ठेवलात तरी तो मला पोहोचेल.

आपली कृतज्ञ,
शेजारच्या मॅटवरची एक हौशी गोल्फर