‘कृत्रिम सूर्या’चा हिशेब, भोसरीतून

महोदय,

‘कृत्रिम सूर्यावर पैसा कशाला?’ हे आपल्या एका वाचकाचे पत्र वाचले. फ्यूजनची, म्हणजे सूर्यात होते तशी अणुकेंद्रे एकमेकांत जुळवून मिळवायची, वीज कायम ‘अजून तीस वर्षांनी’ येणार असते, ही त्यांनी उडवलेली टर रास्तच आहे. पण त्या पत्रात गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेचे संचालक राहिलेले डॉ. पी. के. काव यांचे नाव कुठे नाही, आणि ज्या लेखावरून पत्र लिहिले गेले त्यातही नाही. प्लाझ्मा म्हणजे इलेक्ट्रॉन सुटे झालेला, वीज वाहणारा वायू; फ्यूजन घडवायचे ते त्यातच. भारतातल्या प्लाझ्मा संशोधनाचा जमाखर्च काव यांना वगळून मांडला, तर जमेची बाजू कोरीच दिसणार.

मी शास्त्रज्ञ नव्हे. भोसरीत हीट ट्रीटमेंटचा धंदा केला, आता मुलगा बघतो. आमच्या उमेदीत नायट्रायडिंग (पोलादाच्या पृष्ठभागात नायट्रोजन मुरवून तो कठीण करणे) म्हणजे अमोनियाचा वास आणि चुरचुरणारे डोळे. वितळलेल्या क्षारांचा सॉल्ट बाथ असेल तर सायनाइडची धास्ती वेगळी. प्लाझ्मा नायट्रायडिंगमध्ये जॉब, म्हणजे कठीण करायचे सुटे भाग, चेंबरमध्ये लावायचे, व्हॅक्यूम ओढायचा, थोडा नायट्रोजन-हायड्रोजन सोडायचा आणि काहीशे व्होल्ट द्यायचे. काचेतून बघितले तर गिअरच्या दातादातावर जांभळट झळाळी चढलेली दिसते. तोच प्लाझ्मा. पाचशे अंशांच्या आसपास काम भागते, त्यामुळे जॉब फारसा वाकत नाही आणि नंतरचे ग्राइंडिंग वाचते. (बारीक, खोल भोके असलेला जॉब असेल तर मात्र ऑपरेटर जाणकार लागतो, भोकात झळाळी दाटली की तेवढाच भाग जास्त तापतो.)

पद्धत मूळची जर्मनीची. पण ती आपल्याकडच्या कारखानदाराच्या आवाक्यात यावी म्हणून काव यांच्या संस्थेने गांधीनगरच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत वेगळे केंद्रच काढले. इस्पितळातला कचरा न जाळता, ऑक्सिजनशिवाय प्लाझ्माच्या प्रचंड उष्णतेने त्याचे विघटन करणारी भट्टी तिथलीच. अंगोरा सशाची लोकर इतकी गुळगुळीत की सुतात धरत नाही. तिला प्लाझ्माने किंचित खरबरीत करण्याचा खटाटोपही याच मंडळींचा. सूर्य बनवायला निघालेली माणसे सशाच्या लोकरीत लक्ष घालतात, याचे मला फार अप्रूप वाटते.

काव जन्मले श्रीनगरला, १९४८ साली. अठराव्या वर्षी आयआयटी दिल्लीतून पीएच.डी. आमची पोरे त्या वयात बारावीची मार्कशीट घेऊन रांगेत असतात. मग अमेरिकेत प्रिन्स्टनला प्लाझ्मा-शास्त्रज्ञ जॉन डॉसन यांच्याकडे. लेसर फार प्रखर असला तर प्लाझ्मातले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाजवळ जातात, त्यांचे वस्तुमान वाढते आणि एरवी परतून जाणारा किरण दाट प्लाझ्मातही आत शिरतो, हे दोघांनी १९७० मध्ये कागदावर मांडून दाखवले. तिकडे नाव झालेले असताना १९८२ मध्ये ते अहमदाबादला परतले आणि भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत प्लाझ्माचा कार्यक्रम सुरू केला. १९८६ साली त्यातूनच गांधीनगरजवळच्या भाट गावात प्लाझ्मा संशोधन संस्था उभी राहिली. २०१२ पर्यंत तेच संचालक होते. इथेच बनवलेला ‘आदित्य’ टोकामॅक (चुंबकांच्या जोरावर प्लाझ्मा कोंडून धरणारे यंत्र) १९८९ मध्ये चालू झाला.

सगळेच वेळेवर झाले असे मी म्हणणार नाही. नव्वदच्या दशकात हाती घेतलेल्या ‘एसएसटी-१’ या पुढच्या टोकामॅकमध्ये पहिला प्लाझ्मा दिसायला २०१३ उजाडले. पत्रलेखकांनी हा उशीर खर्चाच्या बाजूला जरूर लिहावा. पण दुसऱ्या बाजूला हेही लिहावे : डिसेंबर २००५ मध्ये भारताला ‘इटर’ या अनेक देशांच्या फ्यूजन प्रकल्पात बरोबरीचा भागीदार म्हणून घेतले गेले, ते हाताशी ही संस्था आणि तिथली माणसे होती म्हणून. पुढे त्या प्रकल्पाच्या विज्ञान-तंत्रज्ञान सल्लागार समितीचे अध्यक्षपदही काव यांच्याकडे आले. फ्रान्समधल्या त्या यंत्राचे बाहेरचे पोलादी कवच, सुमारे २९ मीटर उंच आणि ३,८०० टनांहून जड, गुजरातेत हाझिऱ्याला तयार होऊन तुकड्यातुकड्यांनी बोटीने गेले. एवढ्या आकाराचे वेल्डिंग आणि तरी व्हॅक्यूम धरला पाहिजे! आमच्या हातभर चेंबरची गळती शोधताना जीव मेटाकुटीला येतो.

काव जून २०१७ मध्ये गेले. हिंगोली जिल्ह्यात गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा होते आहे. तिच्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांमधल्या व्हॅक्यूमची जबाबदारी काव यांच्याच संस्थेकडे आहे. औंढा नागनाथला आपला वार्ताहर पाठवाल तेव्हा त्याला इमारतीच्या फोटोवर समाधान मानू देऊ नका. नळ्यांचे वेल्डिंग कोण करते, गळती कशी तपासतात, हे विचारून यायला सांगा. विज्ञान पुरवणीचे एक पान काव यांना द्यावे, हीसुद्धा विनंती.

— हीट ट्रीटमेंट व्यवसायातील एक निवृत्त वाचक, भोसरी, पुणे